जुन्या लेथचा जीर्णोद्धार आणि सुट्या भागांचा प्रश्न

जुना लेथ विकावयास निघाला म्हणजे त्याची किंमत दोन रीतींनी केली जाते. भंगाराचा व्यापारी ती वजनावर करतो. कातारी ती बेडवरून बोट फिरवून, स्पिंडल हाताने वर उचलून पाहून आणि कॅरेजचे चाक मागेपुढे हलवून करतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळाच्या चरकाचे लाट आणि ट्रॅक्टरचे बुश दुरुस्त करणाऱ्या लहान कार्यशाळांतून, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. यंत्र पन्नास-साठ किंवा त्याहूनही अधिक वर्षांचे असते, बीड उत्तम असते, परंतु एखादा गिअर तुटलेला, हाफ नट झिजलेला आणि बनविणारा कारखाना तो भाग आता देत नसलेला, अशी स्थिती असते. भागासाठी यंत्र टाकून द्यावे की भाग नव्याने घडवावा, याचा निर्णय पुष्कळदा यंत्रशास्त्राच्या विचाराने न होता अंदाजाने होतो, आणि तो चुकला म्हणजे चांगले यंत्र भट्टीत जाते किंवा वाईट यंत्रावर पैसा वाया जातो.

या भागात जुने लेथ आढळतात याला इतिहास आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर, तो अरुंद मीटर गेजचा असताना, यंत्रनिर्मितीची दोन केंद्रे उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडलनजीकच्या ओसाड जमिनीवर किर्लोस्करवाडी वसविली. जमीन औंधाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिली होती. तत्पूर्वी लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक होते, आणि १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांच्या उद्योगाचा आरंभ झाला होता. दुसरे केंद्र सातारा रोड येथील. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये तेथे कारखाना काढला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. दोन्ही ठिकाणी आरंभ लोखंडी नांगरापासून झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नांगरासाठी ओतशाळा लागते, ओतशाळेच्या मालाला यंत्रकाम लागते, आणि यंत्रकामासाठी लागणारी यंत्रे परदेशांतून आणणे महाग पडू लागले म्हणजे ती स्वतःच बनवावीत, असा विचार ओतशाळेच्या धन्याला सुचणे स्वाभाविक होय. पुढे दोन्ही कारखान्यांतून लेथ बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धाने बाहेरील यंत्रांची आवक आटविली आणि या उद्योगाला निकड प्राप्त करून दिली. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा केवळ यंत्रहत्यारांसाठी असा कारखाना निघाला. १९४३ मध्ये सिकंदराबादेस प्रागा टूल्स, आणि १९५३ मध्ये बंगलोरला हिंदुस्थान मशीन टूल्स. यांची यंत्रे, आणि त्यांच्याबरोबर आलेली इंग्लिश, अमेरिकन व जर्मन बनावटीची यंत्रे, मिळून या भागातील जुना साठा तयार झालेला आहे. हरिहरचा कारखाना चालू शतकाच्या आरंभी बंद पडला. किर्लोस्करवाडीचे नाव आज पंपांशी निगडित आहे. जुन्या लेथांचे मूळ सुटे भाग पेढीवरून मागविण्याचे दिवस अर्थातच सरले.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी यंत्राची परीक्षा करावयाची असते, आणि तिच्यात पहिला मान बेडला आहे. गिअर नवा कापता येतो, स्पिंडलचे बुश नवे ओतता येतात, परंतु बेड हा साऱ्या मापांचा मूळ आधार असून तो गेला तर यंत्राचे उरलेले गुण निरर्थक ठरतात. बेडची झीज सारखी कधीच नसते. कातारी नव्वद टक्के काम चकजवळ करतो. म्हणून हेडस्टॉकपासून दीडदोन फुटांचा पट्टा खोल जातो आणि टेलस्टॉकच्या टोकाकडील भाग जवळजवळ नवाच राहतो. या विषमतेमुळे एक युक्ती साध्य होते. कॅरेजच्या गिबचा स्क्रू चकजवळ बेताचा आवळून कॅरेज टेलस्टॉककडे नेले असता ते मध्येच अडकू लागले, तर झीज किती आहे याचा प्राथमिक अंदाज हातालाच येतो. पुढे सरळ पट्टी, फीलर आणि डायल घेऊन आकडा ठरवावा. चारपाच थाउपर्यंत झीज असेल आणि यंत्रावर साधी दुरुस्तीची कामेच करावयाची असतील, तर बेडला हात न लावणे हेच बहुधा शहाणपणाचे ठरते. येथे एक खबरदारी अवश्य घ्यावी. हेडस्टॉकखालचा आणि बेडच्या अगदी शेवटचा न झिजलेला भाग हाच मूळ कारखान्याने दिलेल्या पातळीचा एकमेव साक्षीदार असतो. उत्साही कारागीर तो प्रथमच घासून टाकतो, आणि मग मोजण्यास काहीच उरत नाही.

झीज अधिक असेल तर बेड ग्राइंड करून घेणे किंवा हाताने स्क्रेप करणे, हे दोन मार्ग आहेत. पहिला लवकर होतो, परंतु त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. बेडवरून पंधरा थाउ धातू गेला म्हणजे कॅरेज तेवढेच खाली बसते. त्याबरोबर एप्रन खाली येतो, हाफ नटची मध्यरेषा लीड स्क्रूच्या मध्यरेषेखाली जाते आणि स्क्रू वाकून चालू लागतो. टेलस्टॉकचा सेंटरही हेडस्टॉकच्या मानाने खाली पडतो. यावर उपाय असा की सॅडलच्या तळाशी गेलेल्या धातूएवढा थर चढवावयाचा. पूर्वी गनमेटलच्या पट्ट्या किंवा टफनॉल वापरीत. आता टेफ्लॉन आणि ब्राँझ यांच्या मिश्रणाची टर्काइटसारखी पट्टी डिंकाने चिकटवून मग ती स्क्रेप करतात. स्क्रेपिंगचे काम सावकाशीचे. सपाट प्लेटवर निळा रंग पातळ लावून ती पृष्ठभागावर फिरवावयाची, जेथे रंग उमटेल तेथील उंचवटा स्क्रेपरने खरडावयाचा, पुन्हा रंग, पुन्हा खरड. साधारण यंत्रकामात चौरस इंचास दहाबारा ठिपके पुरतात, सूक्ष्म कामात वीसहून अधिक लागतात. ठिपक्यांमधील खळग्यांत तेल धरून राहते, हा या कामाचा दुसरा लाभ. हे हस्तकौशल्य अवगत असलेले जोडारी या भागात आता मोजकेच उरले आहेत, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांतूनही त्याचा सराव क्वचितच होतो. किर्लोस्करवाडीच्या व सातारा रोडच्या जुन्या बेडांवरील खरडीच्या ओळी पाहिल्या म्हणजे त्या काळी ते नित्याचे काम होते याची खात्री पटते.

हेडस्टॉकची तपासणी त्यामानाने सोपी. जुन्या यंत्रांत स्पिंडल बहुधा गनमेटलच्या किंवा व्हाइट मेटलच्या बुशात फिरते. चकमध्ये लांब दांडा धरून तो वर उचलावा आणि स्पिंडलच्या नाकावर लावलेल्या डायलचा काटा पाहावा. दोन इंच व्यासाच्या स्पिंडलला एकदोन थाउ खेळ चालतो. पाच-सहा थाउ आढळला तर बुश आवळावे लागतात किंवा नवे बसवावे लागतात. झिजेचे कारण बहुतेक वेळा अतिश्रम नसून तेलाची वात बुजलेली असते, हे येथे सांगितले पाहिजे. नवे बुश घालून जुनी वात तशीच ठेवणारे कारागीर थोडे नाहीत. अशा हेडस्टॉकची गतिमर्यादा ओळखणेही आवश्यक आहे. ही यंत्रे बहुधा लाइन शाफ्टवरून पट्ट्याने चालत. १९६२ पासून कोयनेची वीज उपलब्ध होऊ लागल्यानंतर स्वतंत्र मोटारी बसविण्याचे प्रमाण वाढले. १४४० फेऱ्यांची मोटर बसवून पुली चुकीची निवडली, म्हणजे साध्या बुशाचा स्पिंडल त्याला न पेलणाऱ्या वेगाने फिरू लागतो. कार्बाइडची हत्यारे वापरण्याच्या मोहानेही हेच घडते. ज्या काळासाठी हे यंत्र रचले गेले तो हायस्पीड पोलादाचा काळ होता, आणि त्या हत्याराने ते आजही समाधानकारक काम करते.

आता मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे सुट्या भागांकडे वळावयाचे. येथे सर्वांत मोठी अडचण मापपद्धतीची आहे. भारतात वजनेमापे प्रमाणित करण्याचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली. त्यापूर्वीच्या यंत्रांत, आणि नंतरच्याही काही वर्षांच्या यंत्रांत, सर्व काही इंचात आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने सुचविलेले आटे ५५ अंशांचे असतात. मीटर पद्धतीचे आणि अमेरिकन आटे ६० अंशांचे. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, तर त्याच व्यासाच्या अमेरिकन जाड आट्याच्या बोल्टला १३. दुकानदाराने दिलेला बोल्ट दोनचार आटे सहज जातो, मग अडकतो, आणि पान्याचा जोर लावला की बिडातील मूळचे आटे निघून येतात. बारा आण्यांचा बोल्ट आणि हजारोंचे कास्टिंग, असा हा सौदा. आट्यांचा गेज लावल्यावाचून जुन्या यंत्रात एकही नवा स्क्रू घालू नये.

गिअरच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक सूक्ष्म रूपात आढळते. इंची गिअरचे दाते डायमेट्रल पिचने मोजतात, म्हणजे पिच वर्तुळाच्या व्यासाच्या एका इंचामागे किती दाते येतात ते पाहतात. मीटर पद्धतीत मॉड्यूल मोजतात. तुटलेला गिअर ओळखण्यासाठी त्याचे दाते मोजावेत, त्यांत दोन मिळवावेत आणि बाहेरच्या व्यासाने भागावे. समजा, ४० दात्यांचा चेंज गिअर आहे आणि बाहेरचा व्यास २.६२५ इंच भरतो. ४२ भागिले २.६२५, म्हणजे १६. हा १६ पिचचा गिअर झाला. मॉड्यूल काढावयाचे तर २५.४ ला १६ ने भागावे, उत्तर १.५८७५ येते. बाजारात सहज मिळणारे मॉड्यूल १.५. त्या कटरने ४० दाते कापले तर बाहेरचा व्यास ६३ मिलिमीटर होतो, जुना होता ६६.६८. हा गिअर शेजारच्या जुन्या गिअरशी जुळणार नाही. फरक दिसण्यात किरकोळ असल्यामुळे तो बसवून पाहिला जातो आणि दाते घासून जातात. झिजलेल्या गिअरचा बाहेरचा व्यास कमी भरतो, म्हणून दोन गिअरच्या अक्षांमधील अंतर मोजून ताळा पाहावा. ४० आणि ६० दात्यांच्या १६ पिचच्या जोडीत ते अंतर ३.१२५ इंच असलेच पाहिजे. याशिवाय दात्यांचा कोन. जुन्या गिअरांत साडेचौदा अंशांचा कोन सामान्य होता, आज वीस अंशांचा. दाते आणि पिच बरोबर असूनही कोन वेगळा असेल तर गिअर कुरकुरतो आणि लवकर झिजतो.

कटर मागविताना आणखी एक फसगत होते, आणि ती जाणत्यांचीही होते. एकाच पिचचे आठ कटर संचात असतात आणि दात्यांच्या संख्येनुसार त्यांतील एक निवडावयाचा असतो. डायमेट्रल पिचच्या संचात ३५ ते ५४ दात्यांसाठी ३ क्रमांकाचा कटर. मॉड्यूलच्या संचात त्याच दात्यांसाठी ६ क्रमांकाचा. कारण एका पद्धतीत क्रमांक रॅकपासून सुरू होतात आणि दुसरीत बारा दात्यांपासून. केवळ क्रमांक सांगून कटर मागविणाऱ्याला चुकीचा कटर मिळाला तर दोष दुकानदाराचा नव्हे.

मुंबईची नागदेवी स्ट्रीट हे यंत्रसामानाचे जुने पेठेचे ठिकाण. तेथे पुली, पट्टे, चक, सेंटर, कटर मिळतात. राजकोट, बटाला आणि लुधियाना येथे साधे लेथ बनतात आणि त्यांतील कित्येक जुन्या इंग्लिश नमुन्यांवर आधारलेले आहेत, म्हणून एखादा हाफ नट किंवा चेंज गिअर तेथून जुळून येण्याची शक्यता असते. परंतु नावावर विसंबू नये, मापावर विसंबावे. काही भागांना मात्र या गोंधळाची बाधा झालेली नाही. टेलस्टॉकमधील मोर्स टेपर इंचवाल्या आणि मिलिमीटरवाल्या दोन्ही यंत्रांत एकच असतो. दोन किंवा तीन क्रमांकाचा सेंटर कोणत्याही दुकानातून आणावा. चकचेही काम अवघड नाही. नवा चक सपाट पाठीचा मिळतो. बिडाची बॅक प्लेट ओतवून घेऊन, स्पिंडलच्या नाकाचे जुने आटे तिच्यात कापून, ती त्याच स्पिंडलवर चढवून तेथेच तोंड काढावे. स्पिंडलचा जो काही दोष असेल तो मग प्लेटमध्ये उतरत नाही. यंत्राने स्वतःची दुरुस्ती स्वतः करावी, असा योग लेथखेरीज फार थोड्या यंत्रांच्या वाट्यास येतो.

जे भाग विकत मिळत नाहीत ते घडवावे लागतात, आणि त्या दृष्टीने हा प्रदेश भाग्यवान आहे. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील ओतशाळा जवळ आहेत; सांगली-मिरज, कुपवाड आणि सातारा येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रकामाच्या शाळा आहेत. तुटलेला भागच साचा म्हणून ओतशाळेत देण्याची सोपी रीत प्रचलित आहे, पण तिच्यात गणिताची चूक आहे. ओतीव बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक सूत, म्हणजे शेकडा एकच्या आसपास, आकसते. हँडलसाठी किंवा झाकणासाठी याने बिघडत नाही. परंतु दोन भोकांतील अंतर दहा इंच असलेला कंस असा ओतला तर ते अंतर अडीच मिलिमीटरने कमी भरेल, आणि यंत्रकामासाठी धातूही उरणार नाही. अशा भागासाठी आकस पट्टीने मापून सागवानी पॅटर्न करावा, यंत्रकाम करावयाच्या बाजूंना एक सूत जादा धरावे, आणि भोके ओतण्याऐवजी भरीव ठेवून नंतर पाडावीत. केवळ फुटलेला भाग ब्राँझने ब्रेझ करूनही टिकतो. बीड वेल्ड करणे मात्र आधी सावकाश तापविल्याशिवाय आणि नंतर राखेत सावकाश निवू दिल्याशिवाय करू नये, अन्यथा जोडाशेजारी नवी चीर पडते.

धातूच्या निवडीबाबत एक मतभेद नेहमी ऐकू येतो. बिडाचा गिअर तुटला म्हणून नवा पोलादाचा करावा काय? ईएन ८ पोलादाचा गिअर निश्चितच बळकट होतो. परंतु मूळ रचनाकाराने चेंज गिअर बिडाचे ठेवले ते केवळ स्वस्ताईसाठी नव्हे. कॅरेज चुकून चकवर आदळले तर काहीतरी तुटणारच. ते स्वस्त आणि बाहेरचे असावे हे बरे. सर्व गिअर पोलादाचे केले म्हणजे तोच आघात लीड स्क्रूवर किंवा एप्रनच्या आतील गिअरवर जातो. पोलादी गिअर घालावयाचाच असेल तर साखळीत एखादी पितळी पिन मुद्दाम दुबळी ठेवावी.

लीड स्क्रूविषयी स्वतंत्रपणे लिहिणे अवश्य आहे, कारण येथे इंच आणि मिलिमीटर यांचा संघर्ष रोजच्या कामात उतरतो. बहुतेक जुन्या लेथांना इंचात चार आट्यांचा, २९ अंशांचा ॲक्मे स्क्रू असतो. ग्राहक आज मीटर पद्धतीचे आटे मागतो. २ मिलिमीटर पिचचा आटा काढावयाचा तर स्क्रूच्या ६.३५ मिलिमीटर चालीशी त्याचे प्रमाण ४० : १२७ येते. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर आणि १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे १२७ दात्यांचा गिअर टाळता येत नाही. १६ पिचमध्ये त्याचा बाहेरचा व्यास ८ इंचांहून थोडा अधिक भरतो आणि लहान लेथच्या क्वाड्रंटवर, झाकणाच्या आत, तो पुष्कळदा मावत नाही. अशा वेळी ६३ दात्यांचा गिअर उपयोगी पडतो. ६३ ला ८० ने भागून ४० : १०० च्या जोडीने गुणले तर ०.३१५ येते, हवे असते ०.३१४९६. तीनशे मिलिमीटर लांबीत चूक सुमारे ०.०४ मिलिमीटर. नटबोल्टच्या कामाला ही चूक नगण्य आहे, मापाच्या स्क्रूला नाही. शिवाय इंची स्क्रूवर मिलिमीटरचे आटे काढताना हाफ नट मध्येच सोडून डायलवर विसंबता येत नाही. नट बंद ठेवूनच यंत्र उलटे फिरवून हत्यार मागे आणावे लागते. नवख्या कामगाराने ही गोष्ट पहिल्या दिवशीच शिकलेली बरी.

लीड स्क्रूची झीजही बेडप्रमाणे चकजवळच असते. म्हणून स्क्रूच्या दोन्ही टोकांची घडण अनुकूल असेल तर तो उलटून बसविण्याची जुनी युक्ती आजही चालते. हाफ नट मात्र नवाच करावा, आणि तो स्क्रूच्या न झिजलेल्या भागाशी जुळवून करावा.

सर्व भाग बसल्यावर यंत्र समतल करून, आठवडाभर पायावर स्थिरावू देऊन, मग चाचणी घ्यावयाची. यंत्रहत्यारांच्या चाचणीची रीत जॉर्ज श्लेझिंगर यांनी १९२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडली आणि पुढील प्रमाणके तिच्याच वळणाने गेली. स्पिंडलच्या नाकाचा फेर ०.०१ मिलिमीटरच्या आत असावा; टेपरमध्ये बसविलेला चाचणीचा दांडा ३०० मिलिमीटरच्या लांबीत ०.०२ पर्यंत कलला तर चालतो, परंतु त्याचे मोकळे टोक वर आणि हत्याराच्या बाजूसच कललेले असावे, कारण झीज आणि कामाचा दाब त्याला उलट दिशेने नेणार असतात. फेसिंग केलेले तोंड किंचित खोलगट चालते, फुगीर चालत नाही. जुन्या यंत्राकडून या सर्व आकड्यांची अपेक्षा करू नये; दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर ते टिपून मात्र ठेवावेत, आणि ज्या भागाचे रेखाचित्र करून तो नव्याने घडविला ते रेखाचित्र, पिच, कोन आणि धातू यांच्या नोंदीसह, यंत्राच्या झाकणाच्या आत चिकटवावे. सांगलीचे १९४७ मध्ये स्थापन झालेले वालचंद महाविद्यालय आणि १९६० पासूनचे कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अशा मापनाचे काम एका सत्रात सहज पुरे करता येण्याजोगे आहे. एकाच नमुन्याचे दोन लेथ कराडात आणि तासगावात असतील, तर एकासाठी काढलेले चेंज गिअरचे रेखाचित्र आणि हाफ नटचा पॅटर्न दुसऱ्यालाही लागू पडतो, आणि पॅटर्नचा खर्च निम्म्यावर येतो.